पदाविना सत्ता : प्राचीन रोमच्या राजकारणातील स्त्रिया

प्राचीन रोममध्ये स्त्रीला मतदानाचा अधिकार कधीच मिळाला नाही. नागरिकांच्या सभांमध्ये तिचे मत नव्हते, सिनेटमध्ये आसन नव्हते. कॉन्सुलपासून खालपर्यंतचे कोणतेही शासकीय पद किंवा सैन्याची अधिकृत सूत्रे तिच्या हाती येत नसत. प्रजासत्ताक जाऊन सम्राटांची राजवट आली तरी हा नियम बदलला नाही. असे असूनही इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून पुढे रोमच्या इतिहासात अशा स्त्रिया सतत भेटतात, ज्यांच्या शब्दावर प्रांतांचे अधिकारी नेमले गेले, सिनेटचे ठराव फिरले आणि सम्राट सत्तेवर बसले. त्यांची ताकद पैसा, घराणे आणि सत्ताधाऱ्याच्या जवळिकीतून येत असे. या ताकदीला कायद्याने नेमून दिलेली चौकट नव्हती, त्यामुळे तिला मर्यादा नव्हती. आणि त्याच कारणाने तिला संरक्षणही नव्हते.

या ताकदीचा पाया मालमत्तेत होता. रोमन कायद्यात कुटुंबप्रमुख पित्याची सत्ता मुलगा आणि मुलगी दोघांवरही, तो जिवंत असेपर्यंत, चालत असे. विवाहाच्या जुन्या पद्धतीत स्त्री पित्याच्या सत्तेतून निघून पतीच्या सत्तेखाली जाई. पण प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळात दुसरी पद्धत रूढ झाली. तिच्यात विवाहानंतरही स्त्री माहेरच्या कुटुंबाचीच राही आणि तिची मालमत्ता पतीच्या मालमत्तेत मिसळत नसे. पिता वारल्यावर ती स्वतःच्या संपत्तीची मालक होई. मोठ्या व्यवहारांना पालकाची संमती लागे, पण सिसेरोच्या काळापर्यंत ती बरीचशी औपचारिक उरली होती. ऑगस्टसने तीन अपत्ये असलेल्या, जन्माने स्वतंत्र स्त्रियांना या पालकत्वातून मुक्त केले आणि पुढे क्लॉडियसने पित्याकडील नातलगांचे पालकत्वच रद्द केले. इ.स.पू. १६९ च्या व्होकोनियन कायद्याने सर्वांत धनाढ्य वर्गातील नागरिकांना मृत्युपत्रात स्त्रीला वारस नेमण्यास बंदी केली होती. स्त्रियांच्या हाती मोठी संपत्ती जात असल्याची धास्ती नसती, तर असा कायदा करण्याची गरज पडली नसती. या साऱ्यांपासून वेगळ्या होत्या व्हेस्टा देवीच्या सहा पुजारिणी. तीस वर्षांच्या ब्रह्मचर्याच्या बदल्यात त्या पालकत्वापासून मुक्त होत्या आणि स्वतः मृत्युपत्र करू शकत. सीझर आणि अँटनी यांच्यासारख्यांची मृत्युपत्रे त्यांच्याच ताब्यात ठेवलेली असत.

स्त्रियांनी रस्त्यावर येऊन राजकीय निर्णय बदलून घेतल्याचा पहिला ठळक प्रसंग इ.स.पू. १९५ चा आहे. कॅनीच्या लढाईत हॅनिबलकडून दारुण पराभव झाल्यावर, इ.स.पू. २१५ मध्ये ओपियन कायदा करण्यात आला होता. त्यानुसार कोणत्याही स्त्रीला अर्ध्या औंसाहून अधिक सोने बाळगता येत नव्हते, रंगीबेरंगी वस्त्रे नेसता येत नव्हती आणि धार्मिक कारण वगळता शहरात घोडागाडीतून फिरता येत नव्हते. युद्ध संपले, वैभव परतले, पण कायदा तसाच राहिला. तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा स्त्रियांनी फोरमकडे जाणारे रस्ते अडवले. आसपासच्या गावांतूनही स्त्रिया येऊ लागल्या. नकाराधिकार वापरण्याच्या तयारीत असलेल्या दोन ट्रिब्यूनांच्या घरांना त्यांनी वेढा घातला, तेव्हा दोघांनी माघार घेतली आणि कायदा रद्द झाला. कॉन्सुल केटोने याला कडाडून विरोध केला होता. त्याच्या तोंडी असलेले भाषण इतिहासकार लिव्हीने जवळजवळ दोन शतकांनंतर रचले आहे. त्यामुळे ते केटोपेक्षा लिव्हीच्या काळातील चिंतांविषयी अधिक सांगते. स्त्रियांना आज बरोबरी दिली तर उद्या त्या वरचढ होतील, असा त्या भाषणाचा रोख आहे. हीच भीती पुढच्या प्रत्येक वादात पुन्हा पुन्हा समोर येते.

रोमन समाजाने आदर्श म्हणून ज्या स्त्रीला डोक्यावर घेतले, ती कॉर्नेलिया याच्या पुढच्याच पिढीतली. ती हॅनिबलला हरवणाऱ्या स्किपिओ आफ्रिकानसची मुलगी. तिला बारा अपत्ये झाली, त्यांतली तीनच जगली. वैधव्यानंतर इजिप्तच्या टॉलेमी राजाची मागणी तिने नाकारली आणि मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. तिचे मुलगे टायबेरियस आणि गायस ग्रॅकस यांनी जमीनवाटपाचे राजकारण उभे केले, इ.स.पू. १३३ आणि १२१ मध्ये दोघेही मारले गेले. कॉर्नेलियाचा या राजकारणातला वाटा केवळ संस्कारांपुरता नव्हता. आईच्या सांगण्यावरून गायसने एका राजकीय प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा कायदा मागे घेतला, असे प्लुटार्क सांगतो. पुढे रोममध्ये तिचा पुतळा उभा राहिला. त्याचा चौथरा आजही उपलब्ध असून त्यावर तिची ओळख आफ्रिकानसची कन्या आणि ग्रॅकसांची आई अशी कोरलेली आहे. रोमन स्त्रीची महत्त्वाकांक्षा मान्य होत असे ती याच रूपात: पित्याच्या नावाने आणि मुलांसाठी.

प्रजासत्ताकाच्या शेवटच्या पन्नास वर्षांत हे बंधन सैल झाले. राजकारण नागरिकांच्या सभांतून निसटून घराण्यांच्या आपसांतल्या सौद्यांकडे सरकले आणि सौदे घरात होत असल्याने स्त्रिया त्यांच्या मध्यभागी आल्या. इ.स.पू. ५८ मध्ये सिसेरो हद्दपार झाला तेव्हा त्याच्या परतीसाठीची धडपड आणि घरची आर्थिक बाजू पत्नी टेरेन्शियाने सांभाळली. लुकुलसला सिलिशिया प्रांत आणि पूर्वेकडील युद्धाची सूत्रे मिळाली, त्यामागे प्रेसिया नावाच्या स्त्रीने तेव्हाच्या एका बलाढ्य नेत्यापाशी केलेली रदबदली होती. सर्वांत बोलका पुरावा मात्र सिसेरोच्या एका खासगी पत्रात आहे. सीझरच्या हत्येनंतर, इ.स.पू. ४४ च्या जूनमध्ये, अँटियम येथे ब्रूटस आणि कॅशियस यांची बैठक झाली. तिला ब्रूटसची आई सर्व्हिलिया, पत्नी पोर्शिया आणि बहीण टर्टुला हजर होत्या. सिनेटने दोघा मारेकऱ्यांवर धान्यखरेदीचे अपमानास्पद काम सोपवले होते. तो भाग ठरावातून काढून टाकण्याची व्यवस्था आपण करू, असे सर्व्हिलियाने सांगितले. बोलणाऱ्या सिसेरोला तिने मध्येच थांबवले, हेही त्या पत्रातून कळते. सर्व्हिलिया ही सीझरची दीर्घकाळची प्रेयसी आणि त्याच्या मारेकऱ्याची आई. तरीही दोन्ही बाजूंना तिचे वजन मान्य होते. हे पत्र प्रसिद्धीसाठी लिहिलेले नाही, म्हणूनच त्याची साक्ष नंतरच्या इतिहासग्रंथांपेक्षा मोलाची आहे.

त्या काळात पडद्याआड न राहता उघडपणे पुढे आलेली स्त्री म्हणजे फुल्विया. क्लोडियस, क्युरिओ आणि मार्क अँटनी हे तिचे तीन पती, तिघेही लोकप्रिय आणि आक्रमक नेते. इ.स.पू. ५२ मध्ये क्लोडियसचा खून झाला तेव्हा तिने त्याचे जखमी शव घरात जमलेल्या जमावाला दाखवून संतापाची लाट उठवली. अँटनी पूर्वेकडे असताना, इ.स.पू. ४१-४० मध्ये, तिने दीर लुसियस अँटोनियसच्या साथीने सीझरचा वारस ऑक्टेव्हियन (पुढचा सम्राट ऑगस्टस) याच्याविरुद्ध सैन्य उभे केले. ऑक्टेव्हियन निवृत्त सैनिकांना इटलीतील जमिनी वाटत होता. त्याचे श्रेय त्याला एकट्याला मिळू नये आणि जमीन गमावलेल्यांचा असंतोष अँटनीच्या पाठीशी यावा, असा हा हिशोब होता. पेरुजियाच्या वेढ्यात हा डाव फसला. गोफणीने फेकलेल्या शिशाच्या गोळ्या तिथे सापडल्या असून त्यांतल्या काहींवर फुल्वियाच्या नावाने अश्लील मजकूर कोरलेला आहे. शत्रूचे सैनिक तिला खरी प्रतिस्पर्धी समजत होते, याचा याहून थेट पुरावा नाही. इ.स.पू. ४० मध्येच ग्रीसमधील सिक्योन येथे ती वारली. पराभवाचे सारे खापर तिच्यावर फोडून अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांनी समेट केला आणि अँटनीने ऑक्टेव्हियनची बहीण ऑक्टेव्हिया हिच्याशी विवाह केला. सिसेरोच्या तोडलेल्या मस्तकातील जिभेत तिने पिना टोचल्या, ही कॅशियस डिओने सांगितलेली कथा अडीचशे वर्षांनंतरची आहे. फुल्वियाचे चित्र आपल्यापर्यंत पोचले आहे ते जवळजवळ पूर्णपणे तिच्या शत्रूंच्या हातून.

याच दशकात, इ.स.पू. ४२ मध्ये, रोमन स्त्रीने सार्वजनिक राजकारणात मांडलेला सर्वांत स्पष्ट युक्तिवाद ऐकू आला. युद्धखर्चासाठी पैसा कमी पडल्याने, अँटनी आणि ऑक्टेव्हियन ज्यात होते त्या सत्ताधारी त्रिकुटाने सर्वांत श्रीमंत १४०० स्त्रियांवर कर बसवण्याचे फर्मान काढले. त्या स्त्रिया आधी रीतीप्रमाणे त्रिकुटाच्या घरच्या स्त्रियांकडे गेल्या. ऑक्टेव्हिया आणि अँटनीची आई यांनी त्यांचे ऐकून घेतले, फुल्वियाने मात्र दारातून परत पाठवले. मग त्या थेट फोरममध्ये गेल्या. प्रसिद्ध वक्ता हॉर्टेन्सियस याची मुलगी हॉर्टेन्सिया त्यांच्या वतीने बोलली. पदे, सन्मान, सेनापतीपद, राज्यकारभार यांत ज्यांना वाटा नाही, त्यांनी त्यांच्यासाठी चाललेल्या भांडणाचा कर का भरावा, हा तिचा सवाल होता. परकीय शत्रू चालून आला तर आपण मदत करू, पण यादवी युद्धासाठी दमडीही देणार नाही, असे तिने बजावले. त्रिकुट चिडले, स्त्रियांना हुसकावण्याचा प्रयत्न झाला, पण जमावाने आरडाओरड केली. दुसऱ्या दिवशी करपात्र स्त्रियांची संख्या १४०० वरून ४०० वर आणली गेली. अपियनने दिलेले भाषण त्याच्या शब्दांत आहे. मूळ भाषण मात्र पुढे शतकभर वाचले जात होते आणि ते केवळ स्त्रीचे म्हणून कौतुकाने वाचले जात नसे, असे क्विंटिलियन मुद्दाम नोंदवतो. कर आणि प्रतिनिधित्व यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने मांडणारी हॉर्टेन्सिया राजकीय विचारांच्या इतिहासात फार क्वचित आठवली जाते, ही त्या इतिहासाची उणीव आहे.

ऑगस्टसच्या उदयाने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. निर्णय एका माणसाच्या घरात होऊ लागले आणि वारसा हाच राज्याचा मुख्य प्रश्न बनला, तेव्हा त्या घरातील स्त्रिया आपोआप राजकीय व्यक्ती ठरल्या. इ.स.पू. ३५ मध्येच लिव्हिया आणि ऑक्टेव्हिया यांना पालकत्वातून मुक्ती, सार्वजनिक पुतळे आणि ट्रिब्यूनांसारखे अवध्यत्व मिळाले होते. लिव्हिया ऑगस्टसची पन्नासहून अधिक वर्षे पत्नी होती. या काळात तिने जुन्या वळणाच्या गृहिणीची प्रतिमा काळजीपूर्वक जपली आणि तिच्या आडून प्रचंड जाळे विणले. परकीय राजे तिच्याशी संबंध ठेवत आणि हेरॉडची बहीण सालोमी हिने आपल्या जमिनी तिच्या नावे केल्या. इ.स. १४ मध्ये ऑगस्टसने मृत्युपत्राद्वारे तिला दत्तक घेतले आणि ती ज्युलिया ऑगस्टा झाली. सिनेटने तिला राष्ट्रमाता म्हणण्याचा प्रस्ताव आणला, तो तिचा मुलगा सम्राट टायबेरियस याने फेटाळला.

तिच्या प्रभावाचा अस्सल पुरावा स्पेनमध्ये सापडलेल्या ब्राँझच्या पत्र्यांवर आहे. इ.स. २० मध्ये गव्हर्नर पिसो याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. टायबेरियसचा दत्तक मुलगा जर्मानिकस याच्या मृत्यूचा संशयही त्याच्यावर होता. पिसोची पत्नी प्लँसिना ही लिव्हियाची मैत्रीण. सिनेटच्या निर्णयात प्लँसिनाला माफी देण्याचे कारण उघड नोंदवले आहे: लिव्हियाचे राज्यावर मोठे उपकार आहेत, तिचा शब्द सिनेटपुढे सर्वाधिक वजनाचा असणे योग्यच आहे, पण ती तो फार क्वचित खर्च करते. कोणतेही पद नसलेल्या स्त्रीचा प्रभाव राज्याने अधिकृत ठरावात मान्य केला, आणि तो ठराव प्रांतोप्रांती लावण्याचा आदेश दिला. टॅसिटस विषप्रयोगाच्या कुजबुजी पुन्हा पुन्हा पेरतो, पण लिव्हियाचे खरे सामर्थ्य त्या कुजबुजींत नसून या पत्र्यांवरच्या ओळींत दिसते. विषप्रयोगाच्या आरोपांपैकी एकही सिद्ध झालेला नाही आणि त्यावर विश्वास ठेवण्याचे सबळ कारणही नाही.

पुराव्यांचा हा पेच सगळ्याच काळाला लागू आहे. टॅसिटस, सुएटोनियस, कॅशियस डिओ हे सत्ताधारी वर्गातील पुरुष होते आणि निर्णय सिनेटबाहेर होणे ही त्यांची जखम होती. सम्राटाला नालायक ठरवायचे असेल तर तो बायकांच्या आणि मुक्त गुलामांच्या मुठीत होता असे म्हणणे सोपे होते. सावत्र आई म्हणजे विष आणि महत्त्वाकांक्षी स्त्री म्हणजे व्यभिचार ही समीकरणे तयारच होती. व्यभिचाराचा आरोप तर प्रत्यक्ष राजकीय हत्यार बनला, कारण इ.स.पू. १८ च्या कायद्याने ऑगस्टसने त्याला फौजदारी गुन्हा ठरवले होते. इ.स.पू. २ मध्ये त्याची स्वतःचीच मुलगी ज्युलिया या आरोपाखाली पांडाटेरिया बेटावर धाडली गेली. तिच्याबरोबर शिक्षा झालेल्यांत अँटनीचा मुलगा इयुलस होता. त्यामुळे हे प्रकरण केवळ अनैतिकतेचे होते की वारशाच्या कटाचे, याचा वाद अभ्यासकांत आजही चालू आहे. मेसालिनाचा इ.स. ४८ मधील अंतही असाच. सम्राट क्लॉडियसची पत्नी असताना तिने नियोजित कॉन्सुल सिलियस याच्याशी उघड विवाह लावला, ही गोष्ट केवळ वासनेची म्हणून समजत नाही. सत्तापालटाचा प्रयत्न म्हणून पाहिली तर बरीच उलगडते.

जर्मानिकसची पत्नी थोरली अग्रिपिना हिने इ.स. १५ मध्ये ऱ्हाईनवरचा पूल तोडू दिला नाही आणि परतणाऱ्या सैन्याला कपडे व औषधे वाटली. टायबेरियसच्या मनात तिच्याविषयीचा संशय तेव्हापासूनच वाढला. इ.स. २१ मध्ये सिनेटमध्ये प्रस्ताव आला की गव्हर्नरांनी बायकांना प्रांतात नेऊ नये, कारण त्या सैनिकांत मिसळतात आणि कारभारात हात घालतात. प्रस्ताव पडला, पण त्यामागची तक्रार जिवंत राहिली. पतीच्या मृत्यूनंतर अग्रिपिनाने मुलांच्या हक्कासाठी संघर्ष केला आणि इ.स. ३३ मध्ये ती त्याच पांडाटेरिया बेटावर उपाशी मरण पावली.

तिची मुलगी धाकटी अग्रिपिना ही या साऱ्या इतिहासाचा कळस होय. ऑगस्टसची पणती, कॅलिगुलाची बहीण, क्लॉडियसची पुतणी आणि मग पत्नी, नीरोची आई असे तिचे नाते चारही बाजूंनी सत्तेशी जोडलेले होते. इ.स. ४९ मध्ये काका-पुतणीच्या विवाहासाठी सिनेटला कायदा बदलावा लागला. त्याच वर्षी तिने सेनेकाला हद्दपारीतून परत आणून मुलाचा शिक्षक नेमले, इ.स. ५० मध्ये तिला ऑगस्टा ही पदवी मिळाली, नीरोला क्लॉडियसने दत्तक घेतले आणि ऱ्हाईनकाठचे तिचे जन्मगाव रोमन वसाहत झाले. तेच आजचे कलोन; शहराच्या मूळ नावात तिचे नाव होते. ब्रिटनचा बंदिवान राजा कॅराटॅकस रोममध्ये आणला गेला तेव्हा क्लॉडियसपासून थोड्या अंतरावर, सैन्याच्या निशाणांसमोर, ती स्वतःच्या वेगळ्या आसनावर बसली होती आणि कैद्यांनी तिलाही वंदन केले. टॅसिटसच्या मते हे पूर्वी कधीच घडले नव्हते.

इ.स. ५४ मध्ये क्लॉडियस वारला, नीरो सोळाव्या वर्षी सम्राट झाला आणि अग्रिपिनाची सत्ता नाण्यांवर उमटली. पहिल्या सुवर्णनाण्यांवर आई आणि मुलगा समोरासमोर आहेत आणि दर्शनी बाजूला कोरलेले नाव व पदव्या आईच्या आहेत. नीरोचे नाव मागच्या बाजूला गेले आहे. पुढच्या वर्षीच्या नाण्यांवर नीरो पुढे आणि आई त्याच्यामागे सरकली. त्यानंतर ती दिसेनाशी झाली. सिनेटच्या बैठका राजवाड्यात भरवून ती पडद्यामागून ऐकत असे. आर्मेनियाचे दूत आले तेव्हा ती सम्राटाच्या चौथऱ्यावर चढायला निघाली. सेनेकाच्या सूचनेवरून नीरो उठून तिला सामोरा गेला आणि प्रसंग निभावला. पडद्यामागे बसणे सहन झाले, चौथऱ्यावर चढणे झाले नाही. लिव्हिया आणि अग्रिपिना यांच्यातला फरक महत्त्वाकांक्षेच्या प्रमाणात नव्हता, ती किती दिसू द्यायची यात होता. इ.स. ५५ मध्ये तिचे अंगरक्षक काढून तिला राजवाड्याबाहेर घालवण्यात आले आणि इ.स. ५९ मध्ये, मोडून बुडेल अशा बनावटीच्या नावेचा डाव फसल्यावर, नीरोच्या माणसांनी तिला तिच्या घरात ठार केले. तिने स्वतःच्या घराण्याच्या आठवणी लिहिल्या होत्या आणि टॅसिटसने त्या वापरल्या होत्या. त्या टिकल्या असत्या, तर या काळाचा इतिहास एका स्त्रीच्या लेखणीतून मिळाला असता.

राजवाड्याबाहेरचे चित्र कमी नाट्यमय, पण अधिक व्यापक आहे. पॉम्पेईच्या भिंतींवरील निवडणूक-जाहिरातींत स्त्रियांची नावे आहेत. टेडिया सेकुंडा नावाची आजी नातवासाठी मते मागते, तर असेलिनाच्या मद्यालयातील स्त्रिया आपापल्या पसंतीचा उमेदवार सांगतात. मत नसलेल्यांचा पाठिंबाही उमेदवारांना हवासा वाटत होता. त्याच शहरात युमाकिया या पुजारिणीने स्वतःच्या पैशाने फोरमवर भव्य इमारत बांधली आणि कापड धुणाऱ्या कारागिरांनी तिचा पुतळा उभारला. आशिया मायनरमधील पेर्गे येथे हेड्रियनच्या काळात प्लँकिया माग्ना हिने नगरद्वाराचे वैभवशाली संकुल उभारले आणि शहराचे सर्वोच्च मानाचे पदही भूषवले. तिथल्या पुतळ्यांखाली तिच्या पित्याची आणि भावाची ओळख प्लँकिया माग्नाचे वडील, प्लँकिया माग्नाचा भाऊ अशी दिली आहे. प्रांतांतील श्रीमंत स्त्रियांना जे उघडपणे करता आले, ते रोममध्ये शक्य नव्हते.

दुसऱ्या शतकात राजघराण्यातील स्त्रिया पुन्हा मागे राहून काम करताना दिसतात. ट्राजनची पत्नी प्लॉटिना हिने इ.स. ११७ मध्ये हेड्रियनच्या वारशाला मदत केली, आणि अथेन्समधील एपिक्युरसच्या तत्त्वज्ञान-शाळेसाठी तिने हेड्रियनकडे केलेली शिफारस शिलालेखात जपली गेली आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी मात्र सिरियातील एमेसा येथील एका पुरोहित घराण्याने साम्राज्याची सूत्रे हाती घेतली. ज्युलिया डोम्ना ही सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी. मुलगा कॅराकाला मोहिमांवर असताना लॅटिन आणि ग्रीक पत्रव्यवहार व अर्ज पाहण्याचे काम तिच्याकडे होते. एवढा नियमित प्रशासकीय कारभार याआधी कुठल्या सम्राज्ञीकडे सोपवला गेला नव्हता. तिची बहीण ज्युलिया माएसा हिने इ.स. २१८ मध्ये सैन्याला वश करून चौदा वर्षांच्या नातवाला, एलागाबालसला, सम्राट केले. तो डोईजड होताच तिने दुसरा नातू अलेक्झांडर पुढे आणला. इ.स. २२२ मध्ये एलागाबालस आईसह मारला गेला. अलेक्झांडरच्या नावाने त्याची आई मामेया हिने तेरा वर्षे राज्य केले आणि इ.स. २३५ मध्ये ऱ्हाईनच्या सरहद्दीवर सैनिकांनी मायलेकरांना एकत्र ठार मारले. सैनिकांची तक्रार होती ती पगाराची आणि जर्मनांशी लढण्याऐवजी पैसे देऊन तह करण्याची. दोष मात्र आईच्या पदराला धरून राहणाऱ्या मुलाचा ठरवला गेला.

उत्तरकाळात बालसम्राटांमुळे स्त्रियांची सत्ता अधिक स्थिर झाली. सम्राट थिओडोसियसची मुलगी गाला प्लासिडिया हिला गॉथांनी पळवले आणि त्यांच्या राजाशी तिचा विवाह झाला. पुढे इ.स. ४२५ पासून ती मुलगा व्हॅलेंटिनियन याच्या वतीने पश्चिमेचा कारभार पाहू लागली. पूर्वेकडे पुल्केरियाने भावाच्या नावाने अनेक वर्षे राज्य चालवले आणि तो वारल्यावर, इ.स. ४५० मध्ये, मार्सियनशी विवाह करून त्याला सम्राटपद दिले. या दोघीही ऑगस्टा होत्या, पण राज्य कुणा पुरुषाच्याच नावाने चालत होते. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील भागात एका स्त्रीने एकटीने, स्वतःच्या नावाने सत्ता चालवली ती इ.स. ७९७ पासून. ती आयरीन. त्यासाठी तिने स्वतःच्या मुलाला आंधळे करून पदच्युत केले, आणि पाच वर्षांनी, इ.स. ८०२ मध्ये, तिच्याच अधिकाऱ्यांनी तिला सत्तेवरून दूर केले.